पॅनल, पोर्टल आणि फळा: पुण्यातल्या शाळेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

पेठेतल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवते. रुजू झाले तेव्हा शाळेतलं तंत्रज्ञान म्हणजे एक कुलूपबंद संगणक कक्ष आणि त्याची किल्ली सांभाळणारे आमचे भाऊसाहेब. "मुलांना आलेख दाखवायचाय" म्हटलं की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "कशाला?" आता त्याच इमारतीत वर्गात पॅनल (फळ्यासारखा भिंतीवरचा मोठा टचस्क्रीन) आहे आणि भेटीला आलेले साहेब विचारतात, "पॅनल का नाही वापरला?" 'कशाला'पासून 'का नाही'पर्यंतची मधली वाट कोणी दाखवली नाही. ती मी ठेचा खात चालले.

यंदा शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड होऊन दोन शिक्षणसेवक, म्हणजे मानधनावरचे नवे शिक्षक, आमच्याकडे आले. पहिल्या आठवड्यात दोघांनी मिळून मला जे विचारलं, ते सगळं खाली लिहिलं आहे. तुम्ही महापालिकेच्या शाळेत असा, मुळशी-जुन्नरकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असा, नाहीतर अनुदानित संस्थेत, बहुतेक गोष्टी लागू पडतील. सीबीएसईच्या शाळेत पोर्टलांची नावं वेगळी असतात, डोकेदुखी तीच.

१. सगळ्यात आधी दोन वेगळी खाती करा: फळा आणि दप्तर

शाळेत 'टेक्नॉलॉजी' या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळी कामं येतात. एक फळ्याचं काम: पॅनल, सिम्युलेशन (पडद्यावरचे आभासी प्रयोग), व्हिडिओ, मुलांची चाचणी. दुसरं दप्तराचं काम: यूडायस प्लस आणि सरल (शाळेची आणि मुलांची माहिती), शालार्थ (पगार), अपार (मुलांचा ओळख क्रमांक), ऑनलाइन हजेरी, पॅट म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या मूल्यांकन चाचण्यांचे गुण चॅटबॉटवर भरणं, प्रशिक्षणाच्या लिंका. मुलांच्या दप्तराचं ओझं कमी करण्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं चर्चा झाल्या. शिक्षकाच्या या दप्तराचं वजन कोणी काट्यावर ठेवलेलं नाही.

नव्या माणसाची फसगत इथेच होते. दिवसभर पोर्टलांशी झटापट केली की आपण तंत्रज्ञानात फार पुढे गेलो असं वाटतं आणि फळ्याचं काम शून्य झालेलं असतं. म्हणून कोणतीही नवी सूचना आली की स्वतःला विचारा, हे कुठल्या खात्यातलं? दप्तराचं असेल तर वेळेत, अचूक आणि कमीत कमी वेळात उरकायचं. त्यात कला दाखवायला जाऊ नका. फळ्याचं असेल तर घाई नको. एका सत्रात एकच नवी गोष्ट घ्या आणि ती मुरू द्या. मी एका वर्षी जूनमध्ये चार नवी अ‍ॅपं सुरू केली होती. दिवाळीपर्यंत मुलं चारही विसरली होती, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा.

२. कागद आणि लॉगिन यांची जुळवाजुळव

रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात एवढं एका फोल्डरमध्ये ठेवा, कागदी प्रत आणि स्कॅन दोन्ही:

- आधार, पॅन, दहावीचं प्रमाणपत्र (नावाचं स्पेलिंग इथलंच प्रमाण धरा)
- नियुक्ती आदेश, वैयक्तिक मान्यतेचं पत्र, रुजू अहवाल
- डीएड किंवा बीएड आणि टीईटीची प्रमाणपत्रं
- एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र
- बँक पासबुकाचं पहिलं पान
- शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक. हा पाठच करून टाका, रोज लागतो.
- पासपोर्ट आकाराचा फोटो आणि सही, दोन्हींच्या लहान आकाराच्या फाइली

मोबाइल क्रमांकाचं काम याहून मोठं. शाळेच्या कामासाठी एकच क्रमांक ठरवा आणि तो पुढची निदान पाच वर्षं बदलणार नाही अशी खात्री करा. सगळी पोर्टलं ओटीपीवर चालतात. आमच्या शाळेचं एक लॉगिन निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांच्या क्रमांकावर राहून गेलं होतं. ओटीपी कोकणात, आंब्याच्या बागेत, आणि आम्ही इथे स्टाफरूममध्ये फोन कानाला लावून "सर, आला का? सर, परत पाठवला, आता बघा" करत बसलेलो. शाळेचं लॉगिन कोणाच्या क्रमांकावर आहे हे रुजू होताच विचारून घ्या. तुमचा क्रमांक द्यायची पाळी आली तर बदली-निवृत्तीच्या वेळी तो काढून घ्यायची नोंदही तेव्हाच करून ठेवा.

शाळेसाठी स्वतंत्र ईमेल काढा. पासवर्ड वहीत लिहायचे असतील तर लिहा, मी लिहिते, पण ती वही कपाटात असते, टेबलावर नाही. आणि 'शिक्षण विभागातून बोलतोय, तुमचा पगार अडकलाय, आलेला ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो ठेवून द्या. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करायची. तक्रारीला उशीर केलेला प्रत्येक तास महाग पडतो.

पोर्टलवर माहिती भरताना तीन सवयी लावून घ्या. दुपारी सर्व्हर रडतो, त्यामुळे सकाळी लवकर किंवा रात्री जेवणानंतर भरा. शेवटची तारीख ही शेवटची संधी समजू नका, त्या दिवशी सगळा महाराष्ट्र तिथे रांगेत उभा असतो. आणि 'यशस्वी' अशी पाटी आली की तिचा स्क्रीनशॉट घ्या. "मॅडम, तुमच्या शाळेचं प्रलंबित दिसतंय" असा निरोप केंद्रप्रमुखांकडून (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे अधिकारी) येतोच. त्या वेळी तारखेसह चित्र दाखवता आलं की पाच मिनिटांत विषय मिटतो.

३. मराठी टंकन: युनिकोडच, दुसरं काही नाही

हा टप्पा बहुतेक मार्गदर्शनपर पुस्तिकांत नसतो आणि सगळ्यात जास्त हसं इथेच होतं. माझं झालं. पॅनलवर पहिला पाठ घेताना मी घरून सुंदर स्लाइडी करून नेल्या होत्या. पॅनलवर उघडल्या तर मराठीच्या जागी उलटेसुलटे टोपीवाले रोमन अक्षरांचे ढीग. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ही कुठली लिपी?" सातवीचा वर्ग होता, पुढची दहा मिनिटं गेली.

झालं होतं असं: मी जुन्या फाँटमध्ये टंकलं होतं. पुण्यातल्या शाळांना या फाँटांची सवय जुनी आहे. श्रीलिपी हे मराठी टंकनाचं सॉफ्टवेअर इथलंच, आणि १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं आयएसएम हे तसंच सॉफ्टवेअरही इथलंच. संगणकावर मराठी आणण्यात या दोघांचा मोठा वाटा आहे, पण त्या काळच्या फाँटची मेख अशी की फाइलच्या पोटात रोमन अक्षरांचे क्रमांकच असतात आणि वर मराठी अक्षरांचा मुखवटा चढवलेला असतो. ज्या यंत्रात तो फाँट नाही तिथे मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये 'क' हा पोटातही 'क'च असतो, त्यामुळे फोन, पॅनल, पोर्टल, सगळीकडे तो 'क' दिसतो.

काय करायचं:

संगणकाच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आयता असतो, वेगळं काही विकत घ्यायला लागत नाही. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. रोज वीस मिनिटं दिलीत तर महिन्याभरात हात बसतो. इतका धीर नसेल तर फोनेटिक घ्या, 'kamal' टंकल्यासारखं करा आणि 'कमल' मिळवा. मात्र जोडाक्षरांत आणि ऱ्हस्व-दीर्घात तो आपल्या मनाचं करतो. फोनवर बोलून टंकन करता येतं आणि मराठी बऱ्यापैकी उमटतं. मी पालकांचे निरोप असेच लिहिते, पण पाठवण्याआधी एकदा वाचते. 'उद्या वह्या आणणे'चं 'उद्या बाह्या आणणे' झालेलं आहे.

शाळेच्या कपाटात जुन्या फाँटमधल्या प्रश्नपत्रिकांचा खजिना असेल, तो टाकून देऊ नका. फाँट बदलून देणारी कन्व्हर्टर साधनं मिळतात. रूपांतर झाल्यावर रफार, 'र्‍य', अंक आणि गणितातली चिन्हं डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच दबा धरून असतात.

प्राथमिकच्या शिक्षकांसाठी एक जास्तीची सूचना. मुलांना आपण पाकळीवाला 'ल' आणि देठवाला 'श' शिकवतो. संगणकातले काही फाँट हिंदी वळणाची अक्षरं दाखवतात, मंगल हे नेहमीचं उदाहरण. पहिलीच्या मुलाला फळ्यावर एक 'ल' आणि पॅनलवर दुसरा दिसला तर तो गोंधळतो आणि त्याचं काही चुकत नाही. फाँट निवडताना ही दोन अक्षरं आधी बघा.

आणि शेवटचा उपाय, ज्याने मला दहादा वाचवलं: फाइल नेण्याआधी तिची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फाँट फाइलीबरोबर जातो.

४. पॅनलसमोर उभं राहण्याआधी रंगीत तालीम

रिकाम्या वर्गात, शाळा सुटल्यावर, एकदा पूर्ण पाठ करून बघा. मुलं नसताना तुमच्या लक्षात येईल की खिडकीकडच्या दोन रांगांना दुपारी काचेवर फक्त ऊन दिसतं. आमच्या जुन्या इमारतीत पडद्यासाठी मी संस्थेकडे अर्ज केला, उत्तर यायला दोन महिने लागले, तोवर चार्टपेपर चिकटवून काम भागवलं. शेवटच्या बाकावर जाऊन बसा आणि स्वतःच्या स्लाइडी वाचा. वाचता येत नसतील तर अक्षर मोठं करा, मजकूर निम्मा करा. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं कधीही नको.

मग तारांचा प्रश्न. पॅनल स्वतःच अँड्रॉइडवर चालत असेल तर पेनड्राइव्ह पुरतो. लॅपटॉप जोडायचा तर एचडीएमआय केबल लागते आणि ती नेमकी एका मीटरने कमी पडते. मोजून घ्या. खरेदी तापकीर गल्लीत करा; तिथे केबल, अ‍ॅडॉप्टर, एक्स्टेन्शन बोर्ड सगळं मिळतं आणि दुकानदार तिथल्या तिथे लावून दाखवतो. एक सापळा मात्र ओळखून ठेवा. फोन थेट पॅनलला जोडायचा म्हणून लोक टाइप-सीचं अ‍ॅडॉप्टर घेऊन येतात आणि काहीच दिसत नाही. अ‍ॅडॉप्टर चांगलं असतं; बऱ्याच फोनांच्या टाइप-सी खाचेतून चित्र बाहेर जातच नाही. तुमचा फोन ते करतो का हे दुकानातच तपासा, नाहीतर बिनतारी कास्ट करा. त्यासाठी फोन आणि पॅनल एकाच वायफायवर हवेत. वायफाय नसेल तर दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट चालतो.

पेनड्राइव्ह आठवड्याला एकदा स्वच्छ करा. झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेनड्राइव्ह तसाच शाळेच्या संगणकात घालू नका. प्रश्नपत्रिकेच्या दिवसांत अख्ख्या शाळेला एकाच वेळी व्हायरसची लागण झालेली मी पाहिली आहे, आणि सुरुवात माझ्याच पेनड्राइव्हपासून झाली असावी असा माझा संशय आहे. मोठा व्हिडिओ 'कॉपी होत नाही' म्हणून अडला तर बहुधा पेनड्राइव्ह फॅट-३२ प्रकारचा असतो; त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

पुण्यात नव्याने आलेल्यांना एक स्थानिक गोष्ट सांगते: गुरुवार. देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते आणि पाण्याचीही तीच गत असते. निरीक्षणाचा पाठ, ऑनलाइन चाचणी, पालकांना दाखवायचा प्रकल्प, काहीही गुरुवारी ठेवू नका. इतर दिवशीसुद्धा वीज गेली तर काय, याचं उत्तर टाचणवहीत एका ओळीत लिहिलेलं असू द्या. माझं उत्तर बहुधा खडूच असतं.

यूट्यूबवरून व्हिडिओ दाखवणार असाल तर वर्ग भरण्याआधी तो उघडा, जाहिरात पुढे जाऊ द्या आणि हव्या त्या सेकंदावर थांबवून ठेवा. पचनसंस्थेच्या आधी एखादी भलतीच जाहिरात आली की मग तुमचं पचन कोणी ऐकत नाही. दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचं साहित्य आधी डाउनलोड करून नेटशिवाय दाखवता येतं. नेट रडणाऱ्या गावांत तोच मार्ग धरा.

प्रोजेक्टर असेल तर पाठ संपल्यावर भिंतीचं बटण लगेच बंद करू नका. आधी रिमोटने बंद करा, पंखा थांबू द्या. दिव्याचं आयुष्य यावर असतं आणि नवा दिवा आणायला संस्थेकडे परत अर्ज करावा लागतो. तसंच पॅनलवर मार्करने लिहू नका. हसू नका, आमच्याकडे लिहिलंय. मीच.

५. साहित्य बनवत बसू नका, आधी शोधा

नवा शिक्षक पहिल्या उत्साहात रात्री बारापर्यंत स्लाइडी करत बसतो. गरज नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपने स्कॅन करा, त्या पाठाचं साहित्य समोर येतं. कोडचं पान फाटलं असेल किंवा झेरॉक्समध्ये काळं झालं असेल तर त्याखाली छापलेली सहा अक्षरं अ‍ॅपमध्ये टाका, काम होतं. पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर मोफत आहेत. पान मोठं करून पॅनलवर लावलं आणि त्यावरच रेघोट्या मारल्या तरी सुरुवातीला तेवढं पुरे.

विज्ञानासाठी फेट सिम्युलेशन्स बघा. नोबेल मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा उपक्रम सुरू केला आणि त्यातली कित्येक सिम्युलेशन्स मराठीत आहेत. विद्युत परिपथाचं सिम्युलेशन मी दरवर्षी वापरते. मुलं बेधडक शॉर्टसर्किट करतात, आग लागते, कोणाला काही होत नाही. भूमितीला जिओजेब्रा हे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढत नेला तरी कोनांची बेरीज १८०च राहते, हे फळ्यावर दहा त्रिकोण काढूनही पटत नाही, ते तिथे दहा सेकंदांत पटतं. भाषेच्या शिक्षकांना स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या मिळतात, मोफत.

मात्र प्रत्येक गोष्ट पडद्यावर नेऊ नका. गणेशखिंडीजवळच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान खेळणी केली, त्यांची कृती आणि पुस्तकं जालावर मोफत आहेत, मराठीतही. एक सेल, एक चुंबक, थोडी तांब्याची तार, दोन सेफ्टी पिना, आणि मोटर फिरते. मुलाच्या हातात फिरलेली मोटर आणि पॅनलवर फिरलेली मोटर यांत निवड करायची वेळ आली तर मी डोळे मिटून पहिली घेईन. साहेबांनी विचारलं तर तिचाच व्हिडिओ मुलांकडून काढून घ्या, 'तंत्रज्ञानाचा वापर' या रकान्यात तोही बसतो.

६. प्रशिक्षण: तास मोजा, पण आपले

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासात भाग घ्यावा. लोक ५० लक्षात ठेवतात आणि त्याच वाक्यातला पुढचा भाग विसरतात: स्वतःच्या आवडीनुसार. म्हणजे काही तास तुमच्या हातात आहेत, ते फळ्याच्या खात्यात घाला.

२०१९ मध्ये सुरू झालेलं निष्ठा हे केंद्र सरकारचं शिक्षक-प्रशिक्षण २०२० पासून दीक्षावर ऑनलाइन आहे. तिथल्या अडचणी ठरलेल्या. प्रोफाइलमधलं नाव आधी तपासा, प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. शेवटच्या चाचणीत ७० टक्के लागतात आणि प्रयत्न मोजके असतात, त्यामुळे चहा पिता पिता चाचणी उघडू नका. सगळे व्हिडिओ बघूनही प्रगती ९६ टक्क्यांवर अडकली तर घाबरू नका; एखादी पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत सरकवायची राहिलेली असते किंवा प्रगती सिंक व्हायची असते. प्रमाणपत्र मिळालं की त्याच दिवशी उतरवून घ्या. १२ वर्षांनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवड वेतनश्रेणी मिळवताना प्रशिक्षणाचे कागद लागतात, आणि तोवर कोणतं पोर्टल जिवंत असेल ते पोर्टलच जाणे.

व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडणारे शिक्षक मला माहीत आहेत. मी त्यांना नावं ठेवणार नाही, कारण काही प्रशिक्षणं भाजी निवडण्याच्याच लायकीची असतात. पण आपल्या शाळांच्या गटाच्या, म्हणजे केंद्राच्या, शिक्षण परिषदेत कोणी प्रत्यक्ष पाठ करून दाखवणार असेल तर ती चुकवू नका. डाएटचे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था), गट साधन केंद्राचे विषयतज्ज्ञ तिथे भेटतात आणि एकदा ओळख झाली की फोनवर अडचणी सोडवतात. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद पुण्यात, कुमठेकर रस्त्यावर आहे. आपण राज्याच्या शैक्षणिक कारभाराच्या अंगणात राहतो. नवी योजना आली की पहिला प्रयोग आपल्यावर होतो हे खरं, पण शंका विचारायलाही आपल्यालाच जवळ पडतं.

७. मुलांची माहिती म्हणजे दुसऱ्याची ठेव

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर "सर्वांनी मुलांच्या आधारचा फोटो टाका" असा निरोप देऊ नका. चाळीस मुलांची आधारं चाळीस घरांत पोचतात. कागद वर्गात घ्या, भरून परत करा. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आणि त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं स्पष्ट आहे. १२ अंकी अपार क्रमांकासाठीही पालकांचं संमतिपत्र लागतं. कोरं संमतिपत्र 'वेळ नव्हता' म्हणून स्वतः भरू नका. पालक नाही म्हणाले तर तसं लेखी घेऊन ठेवा.

अपारमधला नेहमीचा सापळा: आधारवरचं नाव आणि जनरल रजिस्टरमधलं (शाळेच्या प्रवेशनोंदीतलं) नाव जुळत नाही. आईचं नाव राहिलं, आडनावाचं स्पेलिंग वेगळं, जन्मतारीख एका वर्षाने मागे-पुढे. पोर्टलवर हिरवं यावं म्हणून रजिस्टरमध्ये खाडाखोड करायचा मोह होईल. करू नका, त्याला रीतसर परवानगीची पद्धत आहे. आधारमधली चूक असेल तर पालकांना केंद्रावर पाठवा आणि पाठपुरावा करा. वेळ लागतो, लागू द्या.

८. एआय: कच्चा खर्डा त्याचा, सही आपली

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या जूनपासून स्टाफरूममध्ये दुसरा विषय नाही. मी ते कशाला वापरते? एकाच उदाहरणाच्या पाच वेगवेगळ्या रूपांसाठी, सहलीच्या परिपत्रकासाठी, आणि मुलं एखादी संकल्पना कुठे चुकू शकतात याची यादी काढण्यासाठी. शेवटचं काम ते खरंच छान करतं.

पण त्याच्या मराठीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. हिंदीतले शब्द मराठी म्हणून खपवायची त्याला सवय आहे. काटकोनाचा 'समकोण', वस्तुमानाचं 'द्रव्यमान', घनतेचं 'घनत्व' झालेलं मी लाल शाईने खोडलं आहे. बालभारतीत जो शब्द तोच प्रश्नपत्रिकेत, हा नियम ठेवा. प्रत्येक गणित स्वतः सोडवून बघा. मुलांची नावं, गुण, घरची परिस्थिती त्यात कधीही टाकू नका. मुलांनी स्वतः वापरण्याबद्दल युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गासाठी किमान वय १३ सुचवलं आहे. त्याखालच्या वर्गात मी स्वतः पडद्यावर चालवते आणि मुलांना त्याच्या चुका पकडायला लावते. मुलांना यात जी मजा येते, ती त्यांना स्वतःच्या चुका शोधताना कधीच आली नव्हती.

९. 'तुम्ही तरुण, तुम्हाला जमतं'

हे वाक्य ऐकलंत की सावध व्हा. तुम्ही तंत्रस्नेही आहात असं एकदा जाहीर झालं की अख्ख्या शाळेचं दप्तर तुमच्या टेबलावर येतं, शिवाय सर्वांच्या रिचार्जचे प्रश्न. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढायची असतात, नाही म्हणणं जड जातं. माझी युक्ती सांगते: "करून देते" म्हणायचं नाही, "शेजारी बसते, तुम्ही करा" म्हणायचं. पहिल्यांदा दुप्पट वेळ लागतो, तिसऱ्यांदा बोलावणं येत नाही. बदल्यात काहीतरी मागून घ्या. आमच्या भूगोलाच्या सरांना मी गुगल फॉर्मवर चाचणी करायला शिकवली, त्यांनी मला पन्नास मुलांचा वर्ग आवाज न चढवता शांत कसा करायचा ते शिकवलं. सौद्यात मी फायद्यात राहिले. वर्गासमोर ज्येष्ठांच्या हातातून माउस ओढून घेऊ नका. एकदा दुखावलेलं माणूस पॅनलकडे परत फिरकत नाही.

मुख्याध्यापकांशी बोलताना अडचण तोंडी न सांगता आकड्यांत मांडा. 'या महिन्यात माहिती भरण्यात माझे इतके तास गेले, वर्गावरचे इतके तास बुडाले' असं एका कागदावर लिहून नेलं, तेव्हा आमच्याकडे पोर्टलांची वाटणी झाली. तोवर नुसत्या तक्रारी होत्या.

१०. वर्षभराचं गणित

१५ जूनच्या आसपास शाळा उघडते. त्याआधीच्या आठवड्यात पॅनल, केबल, लॉगिन तपासून घ्या. पहिल्या सत्रात फळ्याच्या खात्यातली एकच नवी गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत एखादा ऑनलाइन कोर्स, फराळ झाल्यावर. जानेवारीनंतर नवं काही सुरू करू नका, परीक्षांची धांदल असते. एप्रिलमध्ये वर्षभराच्या फाइली इयत्ता-पाठानुसार एका फोल्डरात लावा आणि दोन ठिकाणी ठेवा. मे महिन्यात गावाला जाताना शाळेच्या क्रमांकाचं सिम फोनमध्येच राहू द्या आणि रिचार्ज संपू देऊ नका. ओटीपी सुट्टीतही येतात.